पाय सोडलेलं विमान

जुलियाना फाटकापासूनच बोलत आली. बातमी तोंडात धरून चार पावलं चालणं तिला जमायचं नाही, जिभेवर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

"गो डेल्फिन, ऐकलंस का? तुझ्या दादल्याचं विमान वर आलं."

डेल्फिन केळीच्या सोपटानं माठाच्या जुड्या बांधत होती. हातातली जुडी तिनं बांधून पुरी केली, ओल्या गोणपाटाखाली सरकवली, आणि मग मान वर केली.

"कुठं?"

"खाडीत. रेती काढणाऱ्यांच्या आकड्याला लागलं. पाचूबंदराच्या खाली ओढून टाकलंय. अख्खी वसई लोटलीय बघायला. माझा क्लेमेंट म्हणतो, मेलेल्या देवमाशासारखं दिसतं." जुलियाना ओट्यावर टेकली. "मी म्हटलं, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपण सांगावं. जाऊ आहे मी तुझी, परकी नाही."

"चाकं दिसतात?"

जुलियाना बघतच राहिली. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या विमानानं नवरा गिळला ते वर आलं, आणि ही बाई चाकं विचारते. "चाकं कशाला हवीत तुला? गाडी जुंपायचीय?"

डेल्फिननं दुसरी जुडी उचलली. पण सोपट बोटात तुटलं, दुसरं घेतलं तर तेही तुटलं.

डेल्फिनचा नवरा ॲन्सेल्म रहाटाचा सुतार. एकोणीसशे चव्वेचाळीस साली गिरीजमध्ये पंप हा शब्दसुद्धा कोणाला ठाऊक नव्हता. वाडी म्हटली की विहीर, विहीर म्हटली की रहाट, आणि रहाट म्हटला की ॲन्सेल्म. गावातल्या प्रत्येक रहाटाची कुरकुर वेगळी. वाडीत वाकून तण काढणाऱ्या बाईला मान वर न करता कळायचं की आज कोणाच्या विहिरीवर बैल जुंपलेत. आता घरोघरी पंप आलेत, सगळे एकाच आवाजात भुणभुणतात, आणि कोणाच्या वाडीत कोण राबतोय हे शेजाऱ्यालाही कळत नाही. असो. ती गोष्ट निराळी.

तर लढाई चालू होती. लढाई गोऱ्यांची, जर्मनीशी आणि जपानशी. गिरीजचं दोघांशीही भांडण नव्हतं. पण मुंबईच्या बंदरात एक कारखाना होता, तिथं साहेब लोक एक विमान बनवत होते. तसलं विमान आधी कोणी केलं नव्हतं. एकच नग, नमुना म्हणून. जमलं तर त्यासारखी शंभर करायची होती. खालून होडीचं पोट, वर पंख, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना मिटवून घ्यायची चाकं. चाकं बाहेर काढली की जमिनीवर धावायचं, आत घेतली की पाण्यावर बसायचं. बदकाला देवानं जे फुकट दिलं ते साहेबांनी कागदावर रेघा मारून करायला घेतलं होतं.

पोट मात्र गळायचं. दर वेळी पाण्यावर बसलं की कुठल्या ना कुठल्या सांध्यातून पाणी आत. म्हणून त्यांनी सुतार मागवला. ॲन्सेल्मनं कापूस आणि चरबी घेऊन विमानाच्या पोटात बसायचं, विमान पाण्यावर टेकलं की पाणी कुठून शिरतं ते बघायचं आणि तिथं बोळा कोंबायचा. आणि आत बसलाच आहेस तर हा दांडाही फिरव, असं एक दिवस त्याला सांगितलं. चाकं खाली सोडायचा नि वर घ्यायचा दांडा तिथंच त्याच्या गुडघ्यापाशी होता. हाती लागलेल्या माणसाला दुसरं काम चिकटवायचं ही साहेबाची रीत. साहेब गेले, रीत ठेवून गेले.

विमानाच्या चाचण्या वसईच्या खाडीच्या तोंडाशी व्हायच्या. तिथं किल्ल्याच्या आडोशाला पाणी शांत. ॲन्सेल्म रविवारी घरी यायचा तेव्हा तळहात सोललेले असायचे.

"खाली सोडायला काही लागत नाही गो," तो डेल्फिनला सांगायचा, "वजनानंच घसरतात. वर घेताना छाती फुटते. दांड्याची मूठ लोखंडाची होती, कातडी सोलायची. आपल्या फणसाचं लाकूड नेऊन मी नवीन मूठ बसवली. साहेब बघून हसला, पण काढ म्हणाला नाही."

डेल्फिन तेव्हा एकवीस वर्षांची, पोटुशी. ती म्हणाली, "गावावरून जातं तुमचं ते. पोरं ओरडतात. मला काय कळणार आत तुम्ही आहात की दुसरा कोणी? रहाट असता तर आवाजावरून ओळखला असता."

ॲन्सेल्म विचार करून म्हणाला, "पाय सोडीन."

"म्हणजे?"

"वाडीवर आलो की चाकं खाली सोडीन. तुला दिसली की समज, आत मी आहे. मग परत वर घेईन. वरच्या साहेबांना कळायचंही नाही."

"बघा हां. मी विहिरीवर उभी राहीन."

बुधवार होता. विमान पश्चिमेकडून आलं, माडांच्या शेंड्यांना लागेल इतकं खाली. डेल्फिन विहिरीवर, रहाटाचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर उभी होती, एक हात पोटावर. विमानाच्या दोन्ही कुशींतून चाकं हळूहळू बाहेर आली आणि खाली लोंबली. तिनं हात वर केला. हलवला. माडांआड ते दिसेनासं झालं तरी ती हलवतच राहिली. आणि चाकंही तशीच खाली राहिली, तिला वाटलं, तो अजून बघतोय. मग विमान खाडीकडं वळलं. थोड्या वेळानं आवाज थांबला. चालता रहाट एकदम बंद पडला की वाडी जशी मुकी होते, तशी सगळी गिरीज मुकी झाली.

दोन दिवसांनी लष्कराचा साहेब दुभाष्याला घेऊन गावोगाव फिरला. एकच प्रश्न विचारत होता: विमान वरून गेलं तेव्हा चाकं बाहेर होती का? कारण चाकं बाहेर ठेवून पाण्यावर बसलं तर चाकं पाण्याला अडतात, आणि विमान नाकावर उलटं पडतं. गावानं हात जोडले आणि एका तोंडानं सांगितलं, आम्ही काही बघितलं नाही. खरं म्हणजे पोराटोरांनी बघितलं होतं. पण सरकारला खरं सांगितलं की सरकार परत येतं, एवढं शहाणपण गावाला होतं. दुभाष्यानं डेल्फिनलाही विचारलं. तीही नाही म्हणाली.

तीन गोऱ्यांची प्रेतं मिळाली. ती मुंबईला गेली, तिथं त्यांच्यावर दगड बसले, दगडांवर नावं बसली. ॲन्सेल्म मिळाला नाही. तो कोणी शोधलाही नाही, कारण त्यांच्या हिशेबी विमानात तीनच माणसं होती. सुतार हे माणूस थोडंच, ते हत्यार. विमान चिखलात रुतलं ते तसंच सोडून दिलं. एकच होतं, बुडालं, साहेबांनी हात झटकले. देवळात रिकाम्या पेटीवर काळं कापड घालून त्याच्या नावानं प्रार्थनेचा मिस्सा झाला. डेल्फिन त्या पेटीकडं बघत बसली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली: चाकं. त्यानं ती वर घेतली होती की नाही?

तेव्हापासून ते फिरणं थांबलेलं नव्हतं.

दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गाव कबरस्तानात जातं. घरोघरच्या कबरी सारवतात, झेंडू घालतात, मेणबत्त्या लावतात. ज्यांच्या माणसाला कबर नाही, जो परमुलखात मेला नाही तर समुद्रात गेला, त्यांनी मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायची. तिथं वाटसरूंच्या, भिकाऱ्यांच्या, कोणाकोणाच्या मेणबत्त्या एकात एक वितळतात. आपली कुठली ते दहा मिनिटांत कळेनासं होतं. डेल्फिननं पस्तीस वर्षं तिथं मेणबत्ती लावली.

प्लासिड शाळेतून आला तो सायकल न लावताच आत शिरला. हा तिचा मुलगा, बाप गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेला. वसईच्या शाळेत मास्तर. बापाचा एकही फोटो त्यानं पाहिला नव्हता, कारण काढलेलाच नव्हता. म्हणून त्यानं स्वतःच एक बाप घडवला. दर वर्षी वर्गात सांगायचा: माझे वडील गोऱ्या वैमानिकाच्या बेफिकिरीनं मेले, आणि त्यांचं नावसुद्धा कोणी नोंदलं नाही. दुसरं वाक्य खरं होतं. पंचायतीच्या मागं लागून त्यानं चौकात एक पाटी मंजूर करून घेतली होती. पाटीचा मजकूरही लिहून दिला होता, त्यात 'वैमानिकाच्या चुकीमुळे' हे शब्द होते.

"आये, चल," तो म्हणाला. "उद्या ते कापणार आहेत. पोलीस येऊन चहा पिऊन गेले. वारस कोणीच नाही म्हणतात, भंगारात घालणार."

पाचूबंदराला पोचेतो ओहोटी लागली होती. जत्रेसारखी गर्दी, एक भय्या तर तिथं चणे विकत होता. विमान चिखलात कुशीवर पडलं होतं. एक पंख नव्हता. ॲल्युमिनियमचा पत्रा चाळणीसारखा झाला होता आणि आतल्या लाकडी फासळ्यांवर कालवं चिकटली होती. पोरं शेपटावर चढून घसरगुंडी खेळत होती. डेल्फिन चपला हातात घेऊन सरळ चिखलात उतरली.

"बाय, पत्र्याला हात लावू नका, कापंल," भंगारवाल्याचा मुकादम ओरडला. दयाराम त्याचं नाव, मिठागराकडचा, अंगानं काटक, कानावर विडी. "तमाशा बघायचा तर वरून बघा. खाली चिखल कंबरंपर्यंत हाय."

"माझा नवरा होता यात."

दयारामनं विडी कानावरून काढून खिशात टाकली. पोरांना शिव्या घालून खाली उतरवलं. मग स्वतःच चिखलात उतरला आणि तिचा दंड धरला.

"आत काय नाय गावलं, बाय. आधीच सांगतो. पानी आनि गाळ. हाडूक म्हनून नाय."

"हाडं नकोत. चाक बघायचंय."

त्यानं तिला पलीकडच्या कुशीकडं नेलं. चाक तिथं होतं. टायर कुजून चिंध्या झालेला. पोटाच्या बाजूला चाक मिटून बसायची खोबण होती, चाक त्या खोबणीत नव्हतं. पण सरळ खालीही नव्हतं. मध्येच, तिरकं, चालता चालता गुडघ्यात दुमडलेल्या पायासारखं.

डेल्फिन बराच वेळ बघत राहिली. "ओढून काढताना सरकलं असेल," ती म्हणाली.

"नाय सरकायचं," दयाराम म्हणाला. "ही मळसूत्राची सळई बघा. हिच्यावर फिरनारा फासा अर्ध्यावर बसलाय आनि तिथंच गंजलाय. याला आतल्या दांड्यानंच फिरवाया लागतं. बाहेरून चाकाला हत्ती बांधला तरी हलायचं नाय. बुडालं तवाच इथं होतं हे."

प्लासिड मागून आला. त्यानं चाक पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "बघ आये. अर्धी बाहेर. म्हणजे पाण्यावर बसायच्या वेळी चाकं सोडायला सांगितली त्या गाढवानं. पायलटचीच चूक. मी म्हणत नव्हतो?"

डेल्फिननं दयारामला विचारलं, "आतला दांडा आहे?"

"हाय. पार गंजलाय. मूठ तेवढी लाकडाची हाय, ती कशी काय राहिली देव जाने. गाळात होती म्हनून."

"मला हवा तो."

"कापायला लागंल. उद्या गॅस येतोय." त्यानं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं पाहिलं. "तुम्ही नका येऊ. मी घेऊन येतो. गिरीजला कोनाच्या घरी म्हनून विचारू?"

"रहाटवाल्या सुताराच्या."

परत येताना किल्ल्याच्या वाटेवर एक जुना क्रूस आहे, त्याच्या पायरीवर ती बसली. प्लासिड पाटीबद्दल बोलत होता. आता पुरावाच मिळाला, फोटो काढून घ्यायला हवा, वर्तमानपत्रात द्यायला हवा.

"प्लासिड," ती म्हणाली, "ती चाकं सुटत नव्हती. वर जात होती."

"तुला काय माहीत?"

"मी पुरी सुटलेली बघितली होती. आपल्या विहिरीवरून."

तो थांबला. "गावावरच सोडली होती? कशाला? जमीन कुठं होती तिथं उतरायला? हुकूम असेल पायलटचा."

"हुकूम माझा होता."

मग तिनं सांगितलं. फार काही नव्हतंच सांगायला. विहीर, रहाटाचा आवाज, 'पाय सोडीन' हा शब्द. एका दमात सांगून झालं. पस्तीस वर्षं जे छातीत दगडासारखं होतं ते बाहेर काढल्यावर एवढंसंच निघालं.

प्लासिडचा आवाज चढला. "पस्तीस वर्षं! मी वर्गात पोरांसमोर उभं राहून सांगतो. तू ऐकलंस. जेवायला वाढताना ऐकलंस. एकदा तोंड उघडलं नाहीस."

"तू तुझा बाप बनवत होतास. मी कशाला मोडू?"

"तीन माणसं मेली त्यात, आये."

"चार," डेल्फिन म्हणाली.

तो वळून चालू लागला. थोडं पुढं जाऊन थांबला, पण मागं आला नाही. तिथंच पाठ करून उभा राहिला. ती उठून त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यानं तिच्या हातातल्या चपला घेतल्या. घरापर्यंत दोघं तशीच आली, तो पुढं, ती मागं अनवाणी.

त्या रात्री तिला झोप लागली नसेल असं कोणालाही वाटेल. ती झोपली. उत्तर मिळालं होतं. चाकं खालीच राहिली असती तर नवरा विसरला असं झालं असतं. पुरी वर असती तर त्याच्यावर काही दोष नव्हताच, तिच्यावरही नव्हता. दोन्हींतलं काहीही झालेलं नव्हतं. त्याला आठवलं होतं. त्या अंधाऱ्या पोटात, घोट्याएवढ्या पाण्यात बसून, छाती फुटेस्तोवर तो दांडा फिरवत होता, आणि अर्ध्यावर वेळ संपली. म्हणजे थोडा वेळ कमी पडला. तो थोडा वेळ कुठं गेला हे तिला ठाऊक होतं. माडांआड विमान दिसेनासं झालं तरी ती हात हलवत होती. आणि तो चाकं तशीच ठेवून बघत होता.

तिनं हात जरा आधी खाली घेतला असता तर. पण एकवीस वर्षांची पोर, नवरा आभाळात, ती हात का खाली घेईल?

दयाराम तिसऱ्या दिवशी आला, सायकलच्या कॅरियरला गोणपाटात बांधलेला दांडा घेऊन. पाणीसुद्धा न पिता निघाला. "मालकाला सांगितलं नाय," एवढंच म्हणाला. डेल्फिननं गोणपाट उलगडलं. मूठ काळी पडली होती, पण फणसाचं लाकूड होतं, आणि एका बाजूला, अंगठा बसतो तिथं, खोलगट झिजली होती. तिनं आपला अंगठा तिथं ठेवला. तिचा अंगठा त्या खळग्यात हरवला.

दांडा घेऊन ती पाद्रीबाबांकडं गेली. फादर आलोशियस तसे चांगले, पण नियमाचे.

"डेल्फिनबाय, समजतं मला. पण कबर माणसाची असते. लोखंडाला आपण माती देत नाही."

"मग माणूस द्या, फादर. लोखंड मी परत नेते."

फादरनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या सासूची कबर आहे ना? पुढं कधी उघडेल तेव्हा..." ते अडखळले. कबर पुढं कोणासाठी उघडणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तेव्हा मुलगा ठेवील माझ्या बाजूला," डेल्फिननं त्यांचं वाक्य पुरं केलं. "ते झालं मेल्यावरचं. मी या दोन तारखेचं विचारतेय."

"कबरीवर कोणी काय फुलं-बिलं ठेवली ते मी मोजत नाही," फादर म्हणाले, आणि उठले.

ऑक्टोबर संपता संपता चौकात पाटी लागली. ॲन्सेल्मचं नाव, गाव, साल. मजकुरातून एक ओळ कमी झाली होती. जुलियानानं विचारलंच, "काय गो, साहेबाची चूक राहिली लिहायची?" प्लासिड म्हणाला, "जागा पुरली नाही, काकी." पाटीवर खाली अर्धी वीत दगड मोकळा होता. जुलियानानं तो पाहिला, प्लासिडचं तोंड पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा पुढचं विचारलं नाही.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी कबरस्तान माणसांनी भरलं होतं. डेल्फिन मोठ्या क्रुसापाशी थांबली नाही. सासूची कबर तिनं सकाळीच सारवून ठेवली होती. झेंडू पसरला, मधोमध दांडा ठेवला, आणि त्याच्या मुठीपाशी एकच मेणबत्ती लावली. प्लासिड बाजूला उभा होता. शेजारच्या कबरीवरची माणसं बघत होती, कुजबुजत होती. बघू देत. तेव्हा हात जोडून 'आम्ही काही बघितलं नाही' म्हणणारं गाव, आता तरी बघू दे.

फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीनं येत होते. या कबरीपाशी आले, दांड्याकडं पाहिलं, क्षणभर थांबले. मग नेहमीची प्रार्थना म्हटली आणि पाणी शिंपडलं. थोडं झेंडूवर पडलं, थोडं दांड्यावर. ते पुढच्या कबरीकडं गेले.

डेल्फिन खाली बसली. पदराचं टोक घेतलं आणि दांडा पुसून काढला, मुठीपासून खालपर्यंत, थेंब न थेंब.

"राहू दे ना, आये," प्लासिड हळू म्हणाला. "आशीर्वादाचं पाणी आहे."

"असेल," ती म्हणाली, आणि पुसत राहिली. "त्यानं पुष्कळ प्यायलंय पाणी."